चुन्याचा तिसरा हात

पहाटे साडेपाचला परांचीवर चढतो
तेव्हा साळगावची शेतं खाली निजलेली,
अळसांद्याच्या वेलांत कुणाचंतरी कुत्रं.
काथ्या आवळत राघोबा म्हणतो,
खाली बघू नको, वरही बघू नको.
भिंतीकडे बघ. भिंत कुठे जात नाही.

मी भिंतीकडे बघतो.
ती जाते.
सगळी वरच जाते.

माझ्या ओळखीच्या भिंती निमूट असतात,
जोतं, खिडकी, वासे, कौलं, की झालं.
ही एक टोक काढते, त्यावर दुसरं,
त्यावर बोंडासारखी कळी,
आणि कमानसुद्धा सरळ वाकत नाही,
दोन्हीकडून चढते नि ऐन माथ्यावर
जोडलेल्या हातांसारखी थांबते.

पाद्रीबाब म्हणाले, ह्याला गॉथिक म्हणतात.
थंड मुलखातली रीत.
तिकडचा दगड घट्ट,
टाकी मारली की वाजतो,
त्यातून पानं काढतात, जाळ्या काढतात,
पावसाचं पाणी ओकणारी तोंडं काढतात.

आमचा चिरा तसा नाही.
खाणीतून निघतो तेव्हा गुळाच्या ढेपेसारखा मऊ,
कुऱ्हाडीनं तासावा,
मग वारा खातो, ऊन खातो, हळूहळू हट्टी होतो.
भोकाभोकांचा,
मधमाश्या पोळं सोडून गेल्यासारखा.
पाकळी कोरायला जावं तर पाकळीच हातात येते.
म्हणून इथलं सगळं नाजूकपण चुन्याचं,
भाजलेल्या शिंपल्यांचं.
लांबून बघणाऱ्याला हे देऊळ साखरेचं वाटतं.
आतून ते लाल आहे,
खरचटलेल्या गुडघ्यासारखं.

अठराशे सदुसष्टात पाया घातला.
दगड म्हणे मांडवीकाठून आला,
जुन्या गोव्यातल्या एका पडक्या मठाचा.
आधी मठ बंद करायचा हुकूम निघाला,
मग वेली शिरल्या, मग तुळया गेल्या,
मग कुणीतरी भिंती मोजायला आलं.
होडीतून, गाडीतून, डोक्यावरून.
पाद्रीबाबांच्या वहीत गाड्यांचा आकडा आहे,
बैलांना घातलेल्या पेंढ्याचाही आहे.

मंगळवारी मी उत्तरेकडच्या टेकूभिंतीवर
बोटाच्या पेरानं ठोकत होतो.
एका जागी पोकळ वाजलं.
गिलावा पाडला, पोळीएवढा.
आत चिरा नव्हता.
काळा दगड,
आणि त्यावर अर्धवट फूल,
तीन पाकळ्या शाबूत, चौथीची नुसती सुरुवात.

राघोबानं बोट फिरवलं. कमळ, म्हणाला.
घंटा वाजवणारा सांतान गुडघे धरत वर आला,
चष्मा पुसला. गुलाब, म्हणाला.
मग दोघंही शेताकडे बघत राहिले.
मठात बसायच्या आधी हा कुठे होता
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
सांताननं खिशातून बिंबलाची लोणच्याची फोड काढावी
तशी कागदातून दोन पेपरमिंटं काढली.
आम्ही चघळत उभे.

आता अडचण अशी,
की गिलाव्याआधी दगडाला पाणी पाजावं लागतं.
चिरा पितो, तांब्यामागून तांब्या.
काळा पीत नाही.
पाणी त्याच्या अंगावरून तसंच खाली उतरलं,
फूल तेवढं चमकलं.
टोचे मार, राघोबा म्हणाला, नाहीतर धरायचं नाही.
मी मारले.
कडेकडेनं मारले.
पाकळ्यांवर नाही.

त्यानं पाहिलं असावं. बोलला नाही.

पहिला हात दगडासाठी, दुसरा उन्हासाठी,
तिसरा बघणाऱ्यांसाठी.
तिसरा हात मारून परांची सोडली तेव्हा
सगळी भिंत एकसारखी पांढरी होती,
बगळा उतरला असता तर दिसला नसता.

पण मला जागा ठाऊक आहे.
उत्तरेकडून दुसरा टेकू,
माणसाच्या दीड पुरुष वर.
तिथला चुना इतरांआधी सुटेल,
सात पावसाळे, फार तर नऊ.
मग कुणीतरी पेरानं ठोकील
आणि पोकळ वाजेल.
कच्चं काम, म्हणेल तो.

म्हणू दे.